शेजारी देशांचा महासंघ: हे स्वप्न आता संपलं का?

ओंजळ
लेक यंदा दहावीला आहे. परवा राज्यशास्त्राचा अभ्यास करताना तिनं स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "आई, सार्क चालू आहे की बंद?" हातातलं काम टाकून मी नीट विचार केला, तरी सरळ उत्तर देता येईना. सार्क म्हणजे दक्षिण आशियातल्या शेजारी देशांची संघटना. डिसेंबर १९८५ मध्ये ढाक्याला सुरुवात, काठमांडूला सचिवालय, आधी सात देश, २००७ पासून अफगाणिस्तान धरून आठ. एवढं तिलाही पाठ होतं. पण शेवटची शिखर परिषद झाली नोव्हेंबर २०१४ मध्ये, काठमांडूला. तेव्हा ही चार वर्षांची होती! २०१६ ची इस्लामाबादची परिषद उरीच्या हल्ल्यानंतर झालीच नाही आणि त्यानंतर एकही झालेली नाही.

आमच्या घरात वडिलांमुळे समाजवादी वातावरण होतं. समाजवादी नेते राममनोहर लोहियांचा 'भारत-पाक महासंघ' हा शब्द मी लहानपणी जेवणाच्या ताटावर ऐकलाय. फाळणी मनातून पुसायची तर दोन्ही देशांनी आपापलं राज्य ठेवून वर एक सैल छप्पर बांधावं, येण्याजाण्याला मोकळीक असावी, असं ते मांडायचे. वडील सांगायचे की १२ एप्रिल १९६४ ला लोहिया आणि दीनदयाळ उपाध्याय यांनी एकत्र निवेदन काढून अशा महासंघाची गरज बोलून दाखवली होती. एक समाजवादी, एक जनसंघाचे. आज हे कुणाला खरंही वाटणार नाही.

माझं मत सांगते. ही कल्पना भाबडी नव्हती आणि ती मेलेली नाही, असं मला मनापासून वाटतं. पण मग ती दर वेळी कुठे अडते? तुमचे अनुभव वाचायला आवडतील. लेकीलाही वाचून दाखवणार आहे, तेव्हा जरा सांभाळून लिहा. :)

कट्टा_अकरा
महासंघाची क्रिकेट टीम झाली तर निवड समितीला पोलीस बंदोबस्त लागेल एवढं नक्की.

नकाशावाला
ओंजळताई, धाग्याबद्दल आभार. हा माझा आवडता विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

महासंघ ही एकट्या लोहियांची कल्पना नव्हती. फाळणीआधीची शेवटची मोठी संधी तीच होती. १६ मे १९४६ च्या ब्रिटिशांच्या कॅबिनेट मिशन योजनेत केंद्राकडे फक्त संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण ठेवलं होतं. बाकी सगळं प्रांतांकडे आणि प्रांतांच्या गटांकडे. काँग्रेस आणि मुस्लिम लीग, दोघांनीही ती आपापल्या अर्थानं स्वीकारली होती. मग १० जुलैला नेहरूंनी आपल्या मुंबईतच पत्रकार परिषद घेतली आणि घटना समिती कशाला बांधील नाही अशा अर्थाचं बोलले. महिनाअखेरीस लीगनं पाठिंबा काढून घेतला. ते एक वाक्य नसतं तर सगळं टळलं असतं असं मी म्हणणार नाही, अविश्वास आधीच खोल होता. पण ते सैल छप्पर एकदा कागदावर उभं राहिलं होतं, हे विसरायला नको.

पुढच्याच वर्षी बंगालमध्ये सुभाषबाबूंचे भाऊ शरदचंद्र बोस आणि लीगचे सुऱ्हावर्दी अखंड स्वतंत्र बंगालचा प्रयत्न करत होते. मे १९४७! तोही फसला.

आणि तिसरा प्रसंग तर चटका लावणारा आहे. एप्रिल १९६४ मध्ये काश्मीरचे नेते शेख अब्दुल्ला तुरुंगातून सुटले आणि मे महिन्यात नेहरूंच्या संमतीनं पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान यांना भेटायला रावळपिंडीला गेले. भारत, पाकिस्तान आणि काश्मीर यांचा महासंघ, हा विषय त्या बोलण्यात होता. अयूब यांनी पुढे आत्मचरित्रात ती सूचनाच निरर्थक ठरवली. अब्दुल्ला मुझफ्फराबादला पोचले आणि तिथं त्यांना नेहरू गेल्याची बातमी कळली. तारीख २७ मे. म्हणजे लोहिया-उपाध्याय निवेदनाला जेमतेम दीड महिना झाला होता.

निळी_छत्री
मी या धाग्यावर विरोधात लिहिणार आहे आणि तेही तितक्याच मनापासून.

२६ नोव्हेंबर २००८ ला मी ऑफिसात अर्धा तास जास्त थांबले, नाहीतर त्या वेळी सीएसटीच्या हॉलमध्ये असते. रोज ज्या खांबापाशी मैत्रिणीची वाट बघायचे, तो खांब दुसऱ्या दिवशी टीव्हीवर बघितला. पहलगामच्या बातम्या आल्या तेव्हा पुन्हा तेच पोटात गोळा येणं. शेजारी आपल्या घरात माणसं मारायला पाठवतो आणि आपण छप्पर बांधायचं म्हणतो, हे माझ्या गळी उतरत नाही. एकत्र यायला आधी किमान एक हमी लागते, की समोरचा आपल्या जिवावर उठणार नाही. ती हमी नसताना व्हिसा सैल करणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं.

लोहियांबद्दल आदर आहे. गोव्यात १८ जून १९४६ ला मडगावला सभा घेऊन त्यांनी गोवा मुक्तीची जी ठिणगी टाकली त्याबद्दल कायमचा आदर. पण महासंघाच्या बाबतीत त्यांनी समोरच्या लष्कराचा हिशोब धरला नाही, असं माझं मत आहे.

पहाटवारा
निळी_छत्री, +१. आणि तुम्ही सुखरूप आहात याचा आनंद आहे.

ओंजळ
छत्रीताई, तुमचा प्रतिसाद लेकीला मुद्दाम वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. तुमचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नाही. फक्त एक विचारते: महासंघ म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पाकिस्तानच का येतं? बाकीचे शेजारीही आहेत की.

हापूसवाला
ओंजळताईंनी बरोबर विचारलंत. मी रत्नागिरीचा, आंब्याची बाग आहे. इथल्या बागा आज नेपाळी माणसांच्या भरवशावर आहेत, हे कुणीही बागायतदार कबूल करील. बंदरावर जा, बोटींवरचे कितीतरी खलाशीही नेपाळी. ज्यांच्या देशाला समुद्रच नाही ती माणसं आमच्या समुद्रात जाळी ओढतात.

आमच्याकडे एक दाजू गेली सोळा वर्षं येतात. दाजू म्हणजे त्यांच्या भाषेत थोरला भाऊ, मीही त्यांना तेच म्हणतो. दिवाळी झाली की बायको-मुलांसकट येतात. मोहोर राखणं, फवारणी, रात्री माकडं आणि चोर दोन्हीवर नजर, मग घळ (जाळीची काठी) घेऊन आंबे काढणं, पेट्या भरणं. जूनमध्ये पावसाआधी परत, कारण तिकडे भातलावणी. कसला पासपोर्ट नाही, कसला व्हिसा नाही. ३१ जुलै १९५० चा भारत-नेपाळ करार आहे, त्यावर हे सगळं चाललंय. पंचाहत्तर वर्षं! थोरल्या मुलीला आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत घातली होती, ती मराठीत निबंध लिहायची.

तेव्हा महासंघ कसा दिसतो असं कुणी विचारलं तर मी माझ्या बागेतली खोपटी दाखवीन.

पण कडू बाजूही सांगतो. २०१५ मध्ये तिकडे भूकंप झाला, घर पडलं. त्याच वर्षी सप्टेंबरपासून सीमेवरून ट्रक जाणं बंद झालं. अडवणूक कुणी केली यावर दोन्हीकडे दोन मतं आहेत, मी त्यात पडत नाही. पण दाजूंच्या भावाला गॅसचं सिलिंडर अर्धंच भरून मिळत होतं. त्या हंगामात दाजू आले ते गप्प गप्प. एके रात्री शेकोटीपाशी म्हणाले, "तुमच्यावर राग नाही, पण तुमच्या देशावर आला होता." मला काय बोलावं सुचेना. भावकीतला मोठा भाऊ रागावला तर धाकट्याच्या घरात चूल पेटत नाही, हे मोठ्याच्या लक्षातच येत नाही.

नकाशावाला
हापूसवाले, तुमच्या शेवटच्या वाक्यात या सगळ्या प्रश्नाची मेख आहे. नकाशा समोर ठेवून बघा. सार्कच्या आठ देशांत पाकिस्तान-अफगाणिस्तान ही जोडी सोडली तर भारताला वगळून एकमेकांना लागून असणारे दोन देशच नाहीत. नेपाळ आणि बांगलादेश यांच्यात चिंचोळी भारतीय पट्टी. भूतान आणि बांगलादेशचंही तेच. श्रीलंका, मालदीव पाण्यात. म्हणजे प्रत्येकाचं दार आपल्याच अंगणात उघडतं. वर लोकसंख्येत आपण एकटे तीन चतुर्थांश.

सार्कची कल्पना पुढे रेटली ती बांगलादेशचे अध्यक्ष झिया-उर-रहमान यांनी, १९८० मध्ये. त्या वेळी दिल्लीला भीती की हे सगळे लहान शेजारी मिळून आपल्याला घेरणार. इस्लामाबादला भीती की या निमित्तानं भारत आपली बाजारपेठ काबीज करणार. झिया १९८१ मध्येच मारले गेले, त्यांनी पहिली परिषद बघितली नाही. आणि या दोन भीतींतून जी सनद बनली तिच्यात दोन कलमं पडली: सगळे निर्णय एकमतानं, आणि दोन देशांमधल्या वादांची चर्चा इथं नाही. पहिल्यानं एका देशाला सगळी गाडी थांबवता येते. दुसऱ्यानं जे बोलायला हवं तेच बोलता येत नाही.

तिळारी
एवढ्या लांब कशाला जायचं? आम्ही बेळगावकडचे. एका देशातल्या दोन राज्यांचा सीमाप्रश्न १९५६ पासून लोंबकळतोय, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. आधी तो सोडवा, मग काठमांडू-ढाक्याला जाऊ.

(आणि तरीही सांगते. माझी आई कन्नड, बाबा मराठी. घरात सकाळचं भांडण मराठीत आणि रात्रीची समजूत कानडीत.)

ओंजळ
तिळारी, कंसातलं वाक्य फार गोड आहे. साने गुरुजींची आंतरभारती दुसरं काय सांगत होती? शेजाऱ्याची भाषा शिका, त्याची गाणी घरी आणा. वडील म्हणायचे, लोहियांना जे राजकारणातून हवं होतं तेच गुरुजींना भाषेतून हवं होतं.

माल्मोकर
मी अकरा वर्षं स्वीडनमध्ये माल्मोला राहतो आणि समोर डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला नोकरीला जातो. रोज सकाळी लोकल पकडून दुसऱ्या देशात. गाडी समुद्रावरच्या पुलावरून जाते, मध्येच एका बांधलेल्या बेटावर उतरते आणि बोगद्यात शिरते. जुलै २००० मध्ये हा पूल सुरू झाला. डब्यात स्वीडिश आणि डॅनिश माणसं आपापल्या भाषेत बोलतात आणि एकमेकांना बरंच समजतं, आपल्याकडे मराठी-कोंकणीचं जसं होतं तसं.

आता ऐका. ज्या गावात मी राहतो ते १६५८ पर्यंत डेन्मार्कचं होतं. स्वीडननं युद्धात जिंकून घेतलं. या दोन देशांनी शतकानुशतकं एकमेकांची गावं जाळली आहेत. एकोणिसाव्या शतकात इथल्या विद्यार्थ्यांनी, कवींनी 'आपण सारे एक' अशी मोठी चळवळ उभी केली. सभा, मेजवान्या, शपथा. मग १८६४ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रिया डेन्मार्कवर चालून गेले. स्वीडनच्या राजानं मदतीचं आश्वासन दिलं होतं, सरकारनं सैन्य पाठवलं नाही. चळवळीचा राजकीय जीव तिथंच गेला. एक झेंडा, एक राज्य हे स्वप्न पुन्हा उभं राहिलं नाही.

पण पुढे काय झालं ते आपल्या कामाचं आहे. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, गोळी न झाडता. ऑलंड बेटांवरचा फिनलंड-स्वीडनचा वाद १९२१ मध्ये राष्ट्रसंघानं सोडवला: बेटं फिनलंडची, पण भाषा स्वीडिश आणि कारभार त्यांचा त्यांच्याकडे. १९५२ मध्ये नॉर्डिक परिषद. त्याच दशकात पासपोर्टशिवाय प्रवास आणि एकमेकांच्या देशात नोकरीची मुभा. महासंघ वगैरे कुणी म्हटलं नाही. पेन्शन कुठल्या देशानं द्यायची, नर्सचा दाखला पलीकडे चालेल का, असल्या कंटाळवाण्या गोष्टी एकेक करून सोडवत गेले.

छत्रीताईंसाठी हेही लिहितो. जानेवारी २०१६ मध्ये निर्वासितांचा ओघ वाढला तेव्हा स्वीडननं याच पुलावरून येणाऱ्यांची ओळखपत्र तपासणी सुरू केली. माझा तास-दीड तास रोज वाढला. साठ वर्षांचा विश्वास होता, तरी दार एका आठवड्यात अर्धं लोटलं गेलं. तेव्हा सुरक्षेची भीती खरी असते, इथेही.

निळी_छत्री
माल्मोकर, छान लिहिलंत. पण तुमच्याच लिखाणातून माझा मुद्दा निघतो. तिथे आधी युद्ध थांबलं, मग पासपोर्ट गेला. उलटं नाही.

माल्मोकर
मान्य. क्रम तोच होता.

सफारीकर
नैरोबीहून. आमच्याकडची गोष्ट थोडक्यात. १९६७ मध्ये केनिया, युगांडा, टांझानियानं पूर्व आफ्रिका समुदाय केला. रेल्वे, विमान कंपनी, टपाल, बंदरं सगळं एकत्र. टांझानियाचे नेते न्येरेरे यांनी तर पूर्वी असंही म्हटलं होतं की तिन्ही देश मिळून एकदम स्वतंत्र होणार असतील तर आपल्या टांगानिकाचं (पुढचा टांझानिया) स्वातंत्र्य थोडं थांबवायची तयारी आहे. दहा वर्षांत सगळं मोडलं. युगांडाचे अमीन आणि न्येरेरे एका टेबलाला बसायला तयार नव्हते, फायदा केनियालाच होतो अशी दोघांची तक्रार. १९७७ मध्ये केनिया-टांझानिया सीमा बंद झाली आणि एकत्र रेल्वेची इंजिनं कुणाची यावरून वर्षानुवर्षं वाटण्या चालल्या.

पण २००० मध्ये पुन्हा उभं केलं. आज केनिया, युगांडा, रवांडाचे लोक नुसत्या ओळखपत्रावर एकमेकांकडे जातात. एकदा मोडलेलं पुन्हा जुळतं, एवढंच सांगायचं होतं. ओंजळताईंच्या लेकीला सांगा, बंद आणि चालू यांच्या मध्येही एक अवस्था असते.

कट्टा_अकरा
मी वर गंमत केली होती, पण खरी टीम एकदा झाली आहे हे आत्ता आठवलं! १९९६ च्या विश्वचषकाआधी कोलंबोत बाँबस्फोट झाला आणि ऑस्ट्रेलिया, वेस्ट इंडीजनं श्रीलंकेत खेळायला नकार दिला. तेव्हा भारत आणि पाकिस्तानचा एकत्र संघ कोलंबोला गेला, श्रीलंकेला धीर द्यायला. फेब्रुवारी १९९६. कप्तान अझरुद्दीन. धावफलकावर ओळ होती: कालुवितरणा झेल तेंडुलकर गोलंदाज वसीम अक्रम. ती ओळ मी वहीत लिहून ठेवली होती. आजही वाचली की अंगावर काटा येतो.

हापूसवाला
कट्टा, वाह! हे ठाऊक नव्हतं. दाजूंनाही सांगतो, त्यांना क्रिकेटचं भारी वेड.

नकाशावाला
छत्रीताईंचा क्रमाचा मुद्दा पक्का आहे. पण भांडण मिटलेलं नसतानाही काही गोष्टी झाल्यात, त्या नोंदवतो.

कूचबिहारच्या बाजूला भारत-बांगलादेशचे एकमेकांच्या पोटात अडकलेले जमिनीचे तुकडे होते. १११ आपले तिकडे, ५१ त्यांचे इकडे. एक तर असा होता की भारताचा तुकडा, बांगलादेशाच्या तुकड्याच्या आत, तो भारताच्या तुकड्याच्या आत, आणि तो बांगलादेशात! तिथं राहणाऱ्या पन्नास हजारांवर माणसांना ना धड शाळा, ना वीज, ना मतदान. पोलिसांना आपल्याच तुकड्यात यायचं तर परदेश ओलांडावा लागायचा. इंदिरा गांधी आणि बांगलादेशचे शेख मुजीब यांनी १९७४ मध्ये करार केला, तो अमलात यायला ३१ जुलै २०१५ ची मध्यरात्र उजाडली. एक्केचाळीस वर्षं. पण झालं. आपण आपली जास्त जमीन सोडली आणि आपल्या संसदेनं ती घटनादुरुस्ती एकमतानं केली. मला तो दिवस फार मोठा वाटतो.

दुसरं, वीज. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात गेली. ४० मेगावॉट म्हणजे किरकोळ. पण दोन शेजाऱ्यांचा विजेचा व्यवहार आपल्या अंगणातून होऊ देणं हे दिल्लीनं पहिल्यांदा केलं. याच काळात दिल्ली-ढाका संबंध पार बिघडलेले होते, तरी तारेतून वीज गेली.

सागरकाठ
मी इथे फक्त वाचायला येते, आज लिहिते. आम्ही डहाणूकडचे. आमच्या भागातले पुष्कळ पुरुष गुजरातच्या बोटींवर जातात, ओखा, पोरबंदर. उचल घ्यायची, आठ महिने समुद्रावर. भारत-पाकिस्तान हद्दीवरच्या सर क्रीक खाडीच्या बाजूला समुद्रात रेषा दिसत नाही. मासळी जाते तिकडे बोट जाते.

माझा मेहुणा अडीच वर्षं तिकडच्या तुरुंगात होता. शिक्षा थोड्याच महिन्यांची, ती संपली, तरी तो कुठल्या देशाचा आहे हे ठरेपर्यंत आत. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, २००८ च्या करारामुळे. बहीण त्या दोन तारखांसाठी जगायची. आपल्याकडेही त्यांचे मच्छीमार असतात, त्यांच्या बायकाही त्याच तारखा मोजत असतील, असं ती म्हणायची. मला तेव्हा राग यायचा तिचा.

शेवटी वाघा बॉर्डरनं सुटून आला. सोबत एक कागद घेऊन आला. रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय. बोट तिकडेच राहिली, मालक म्हणतो भरपाईच्या कामात पुरावा लागेल. पण तो कागद इथं कुणाला वाचता येत नाही. महासंघ वगैरे मला कळत नाही. समुद्रातली माणसं महिन्याभरात परत करायची, एवढं दोघांनी ठरवलं तरी पुष्कळ.

निळी_छत्री
सागरकाठ, हे मी दोनदा वाचलं. याला माझा काही विरोध नाही. मच्छीमार महिन्याभरात परत, यावर मी आत्ता सही करीन.

दख्खनी
सागरकाठताई, मी संभाजीनगरचा. आमच्या गल्लीत सगळे उर्दू शाळेत गेले, मीही चौथीपर्यंत. कागदाचा नीट उजेडात फोटो काढून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वाचून सांगतो. नावं वगैरे इथं टाकू नका.

सागरकाठ
दादा, पाठवला. दोन फोटो आहेत, घडी पडलेली जागा वेगळी काढली आहे.

ओंजळ
लेक विचारते आहे, काय लिहिलंय? तिला थांबायला सांगितलंय.

दख्खनी
फोटो बघितला. मी अडकलो. लिपी उर्दूसारखी दिसते, शिक्का उर्दूत आहे तो वाचला, पोलीस ठाण्याचा आहे. पण मजकूर उर्दू नाही. काही अक्षरांवर चार-चार टिंबं आहेत. हे सिंधी आहे. कुणी सिंधी वाचणारं आहे का इथं?

नकाशावाला
असणारच. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कराचीतली सर्वांत जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावानं आहे.

मुळाक्षर
उल्हासनगर हजर आहे. मला स्वतःला ती लिपी येत नाही, आम्ही देवनागरीत शिकलो. पण आजी शिकारपूरची, नऊ वर्षांची असताना आली, तिसरीपर्यंत तिकडे शिकली. अजून चष्म्याखाली भिंग धरून वाचते. दख्खनीभाई, सागरकाठताईंची हरकत नसेल तर मला पुढे पाठवा. रविवारी सकाळी बसवतो तिला.

सागरकाठ
पाठवा दादा. आजींना नमस्कार सांगा.

मुळाक्षर
झालं वाचून. सव्वा तास लागला, मध्ये चहा झाला. सागरकाठताई, सविस्तर व्यनित लिहिलं आहे, इथं थोडक्यात. फिर्यादीची नक्कल आहे ती. बोटीचा नंबर आहे, पकडल्याची तारीख आणि वेळ आहे, सात माणसांची नावं आहेत. पाचवं तुमच्या मेहुण्याचं. वडिलांचं नाव चुकवलंय, गावाचं नाव मात्र बरोबर आहे. आजीनं ते तीनदा म्हणून बघितलं, मग मला विचारलं, हे डहाणू आपल्या इथून किती लांब आहे.

ती म्हणते, वर डाव्या कोपऱ्यात हातानं लिहिलेला नंबर आहे तो आधी उतरवून ठेवा, शाई फिकी होत चालली आहे. आणि कागद पिशवीत घडी घालून ठेवू नका.